उजव्या बाजूची सावली

"गळ्यातलं सगळं काढा. साखळी, काळा दोरा, ताईत, जे असेल ते. कानातलं राहू द्या, तिथपर्यंत फिल्म येत नाही."

हे मी दिवसातून वीस वेळा म्हणायचो. त्यामुळे म्हणताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची गरज मला उरली नव्हती.

"काढलंय सर. घरनंच काढून आलीय. बाहेर बोर्डावर लिहिलंय तसं."

आता मात्र मी मान वर केली. दीड वर्षात माझा बोर्ड वाचून आलेला हा पहिलाच पेशंट होता. अठरा वर्षांची काटकुळी मुलगी, धुतलेला पांढरा सलवार-कुर्ता, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. वेणी इतकी जाड आणि लांब, की ती दुमडून रिबिनीनं बांधली होती, तरी मानेवर ओझ्यासारखी दिसत होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक फॉर्म.

"कसला एक्स-रे?"

"छातीचा. नर्सिंगला नंबर लागलाय माझा, जिल्ह्याच्या शाळेत. फिटनेस सर्टिफिकेट पायजे, एक्स-रे लावून." आणि मग न राहवून तिनं सांगून टाकलं, "तालुक्यातनं एकटीचाच लागलाय."

"नाव?"

"वैजयंता ढोबळे."

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. तारीखही सांगतो, सहा जुलै. मी मिरजेला एक्स-रेचं शिकून तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागलो होतो. वय सव्वीस, अंगात पांढरा कोट आणि डोक्यात थोडी हवा. लोक मला पोतदार साहेब म्हणायचे, पण माझ्या पाठीमागे "फोटूवाला". एक्स-रेला तिकडे फोटोच म्हणायचे. एक म्हातारबुवा पायाच्या एक्स-रेला नवा फेटा बांधून आले होते आणि फेटा काढायला सांगितला तर माझ्यावरच रुसले. पोटाच्या एक्स-रेला उपाशी या म्हटलं की लोक चहा-खारी खाऊन यायचे आणि वर मलाच विचारायचे, "चहा म्हंजे काय खाणं हाय व्हय साहेब?"

म्हणून मी तो बोर्ड लिहिला होता. स्वतःच्या हातानं, निळ्या ऑइलपेंटनं. छातीच्या एक्स-रेसाठी धातूचे दागिने काढावेत. हूक-बटणांचे कपडे बदलून दवाखान्याचा झगा घालावा. स्त्रियांनी केस डोक्यावर बांधावेत. गरोदर असल्यास आधी सांगावे. पोटाच्या एक्स-रेसाठी आदल्या रात्री हलके जेवून सकाळी काहीही न घेता यावे, चहासुद्धा. 'चहासुद्धा'खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

बायकांची सगळी तयारी मात्र आमच्या सगुणामावशी करायच्या. त्या दवाखान्यात आया होत्या. पडद्याआड नेऊन झगा घालायला देणं, गळे तपासणं, केस वर गुंडाळून बँडेजच्या पट्टीनं बांधणं, बाईला नीट उभं करणं, खांदे पुढे घेणं. मी काचेच्या आड जाऊन बटण दाबायचं, एवढंच.

आणि मला ते तसंच हवं होतं. महिन्यापूर्वी मावशी चहाला गेल्या असताना मी एका बाईचे खांदे पुढे केले होते. खांदे पुढे नाही घेतले तर पाठीची हाडं फुप्फुसावर येतात, फिल्म वाया जाते. बाई काही बोलली नाही, पण तिच्या नवऱ्यानं व्हरांड्यात असा काही गोंधळ घातला की पन्नास माणसं गोळा झाली. डॉक्टर निगुडकरांनी मला मेमो दिला. "पोतदार, तुमची चूक नाही हे मला कळतं. पण पुन्हा एक तक्रार आली तर मी काही करू शकणार नाही." मी तात्पुरता होतो. दर सहा महिन्यांनी ऑर्डर वाढायची. सप्टेंबरात कमिटी बसणार होती आणि मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. निगुडकर कमिटीत होते. तेव्हापासून मी बायकांपासून दोन हात लांब उभा राहायचो आणि बोलायचंसुद्धा भिंतीकडे बघून.

त्या सोमवारी नेमक्या सगुणामावशी नातीच्या बारशाला गेल्या होत्या. मी वॉर्डातून सिस्टरला बोलवून पाहिलं. सिस्टर बाळंतपणात अडकली होती.

"उद्या येता का?" मी विचारलं. "आज बाई नाही तयारी करायला."

तिचा चेहरा उतरला. "सर, परवा कागद द्यायची शेवटची तारीख हाय. आज रिपोर्ट मिळाला तर उद्या मी जाऊन देऊन येते. काय तयारी करायची ते सांगा, मी करते की. नर्सच व्हायचंय मला."

मला हसू आलं. "बरं. पडद्यामागे जा, झगा घाला."

बाहेर बाकावर तिची आई बसली होती. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोटं धुरानं काळी पडलेली. नवरा गेल्यापासून ती घरामागं चुरमुऱ्यांची भट्टी चालवायची, हे मला मागाहून कळलं. मुलगी झगा घालून आली. तिला मी स्टँडपाशी उभं राहायला सांगितलं. छाती पुढच्या फिल्मच्या पाटीला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. मी तोंडानं सांगत होतो आणि ती अचूक करत होती. खांदेसुद्धा तिचे तिनेच पुढे घेतले.

"वेणी पाठीवरून बाजूला करा," मी म्हणालो.

तिनं केली. मी काचेच्या आड गेलो. काचेतून बघितलं तर पाठ मोकळी होती.

"श्वास घ्या. मोठा. आणखी. थांबवा... सोडा."

झालं. पुरती दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फिल्म डेव्हलपरमध्ये टाकून मी बाहेर आलो, तर ती भिंतीवर टांगलेली कुणाचीतरी जुनी फिल्म निरखत उभी होती.

"सर, हाडं पांढरी का दिसतात?"

"किरणं हाडातून नीट पार जात नाहीत म्हणून. हवेतून आरपार जातात, म्हणून फुप्फुस काळं."

"म्हणजे वाटेत जे आड येईल ते पांढरं?"

"अगदी बरोबर." मी खूष झालो. मिरजेला आमच्या वर्गात हे कळायला लोकांना पंधरा दिवस लागले होते.

"आमच्या शाळेत हे शिकवतील का वो?" ती म्हणाली. 'आमच्या शाळेत' म्हणून मोकळी झाली होती पोरगी.

निगुडकरांनी ओली फिल्मच खिडकीच्या उजेडात धरली. धरली आणि धरूनच ठेवली. मी मागे उभा होतो. उजव्या फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला पांढुरकी, ढगाळ सावली होती. डावीकडे तसं काही नव्हतं.

"खोकला येतो का गं?"

"येतो जरा. पंधरा दिवस झाले असतील."

"ताप? वजन उतरलं?"

"वजन पहिल्यापास्नंच कमी हाय."

डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. क्षय. सुरुवातच आहे, वेळेवर सापडला, घाबरायचं कारण नाही. रोज इंजेक्शन, मग गोळ्या, वर्षभर. ताट-वाटी वेगळी. दूध आणि अंडी भरपूर.

आईनं आधी माळेला हात लावला. मग पदर तोंडात कोंबला. मुलगी मात्र रडली नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, माझी जागा जाईल का?"

थुंकी तीन वेळा तपासली, काही सापडलं नाही. पण त्या काळी फिल्म हाच शेवटचा शब्द होता. निगुडकर माणूस चांगला होता. त्यांनी स्वतः नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाईंना पत्र लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, की मुलीचे मार्क चांगले आहेत म्हणून एकतीस ऑगस्टपर्यंत जागा रिकामी ठेवते. तोवर छातीत रोग नाही असं सर्टिफिकेट आणलं तर घेईन. रोग असेल तर वसतिगृहात इतर मुलींमध्ये तिला ठेवता येणार नाही.

वैजयंतानं ते पत्र घडी करून पिशवीत ठेवलं. "एकतीस म्हणजे पुष्कळ दिवस झाले," ती मला म्हणाली. जणू काही परीक्षेचा अभ्यास राहिला होता आणि तो तिला पुरा करायचा होता.

एकवीस ऑगस्टला ती दुसऱ्या एक्स-रेला आली. डोक्याला सुती ओढणी घट्ट गुंडाळलेली. सगुणामावशींनी तिला पडद्याआड नेलं आणि आतून मावशींचा आवाज आला, "अगं माझे बाई! केस कुठं गेलं?"

बाहेरून आईच बोलली. "म्या कापलं. सगळी ताकद केसातच जाती म्हनत्यात दुखन्यात. अंगी लागाया नगं का पोरीच्या? कातर घेतली आन् मानंपातूर कापून टाकलं."

"आन् हिनं कापू दिलं?"

"ती म्हनली, काप. नर्सिंगला टोपीच घालायची हाय."

मावशी हसल्या, मीही हसलो. आईच्या गळ्याकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा. माळ नव्हती. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिनंच सांगितलं. डॉक्टरांनी अंडी द्यायला सांगितली, आणि तिच्या घरात बापजाद्यांपासून अंडं कधी चुलीवर चढलं नव्हतं. माळ घालून अंडी उकडणं तिच्यानं होईना. म्हणून तिनं माळ उतरवून देवाजवळ ठेवली आणि रोज दोन अंडी उकडून लेकीला चारली. "द्येव बघून घील," ती म्हणाली. "लेक बरी झाली म्हंजे झालं."

फिल्म धुवायला मी अंधाऱ्या खोलीत गेलो. लाल दिव्याखाली ती डेव्हलपरमधून हळूहळू उमटत गेली, आणि माझा जीव भांड्यात पडला. उजवीकडचं वरचं टोक काळंभोर होतं. डाव्यासारखंच. सावलीचा मागमूस नव्हता. मला इतका आनंद झाला की फिक्सरमधून काढून मी ती तशीच ठिबकत बाहेर आणली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. शेजारी जुलैची फिल्म लावली. डॉक्टरांना दोन्ही शेजारी-शेजारी दाखवायच्या होत्या.

आणि मी जुन्या फिल्मवर वाकलो.

जुलैतली सावली फुप्फुसात संपत नव्हती. ती मानेखालच्या आडव्या हाडावरून वर, फुप्फुसाच्या बाहेर, मानेच्या बाजूला गेली होती. रोगाची सावली फुप्फुसाबाहेर कशी जाईल? मी भिंग लावलं. सावलीत तिरक्या रेघा होत्या, एकाआड एक, पिळदार. तीन पेड.

मग सगळं कळायला वेळ लागला नाही. मी तिला वेणी पाठीवरून बाजूला करायला सांगितली होती, आणि तिनं शहाण्या मुलीसारखी ती उजव्या खांद्यावरून पुढे घेतली होती. दुमडलेली, रिबिनीनं आवळलेली, सकाळी न्हाऊन आतून ओली राहिलेली आणि तेलानं जड झालेली वेणी खांदा आणि पाटी यांच्या मधोमध अडकून बसली होती. मला काचेतून मोकळी पाठ दिसली आणि मी बटण दाबलं. दोन पावलं पुढे येऊन बघितलं असतं तरी दिसलं असतं. 'केस डोक्यावर बांधा' एवढे तीन शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. तिला बोर्ड पाठ होता, पण वेणी बाजूला करा असं मीच म्हटल्यावर तेवढं पुरे, असं तिला वाटलं असणार.

खोकला भट्टीच्या धुराचा होता. कोंडा जाळतात त्या भट्टीत.

"पोतदार, झाली का फिल्म?" निगुडकर दारात उभे होते.

ते पेटीजवळ आले. आधी नवी फिल्म पाहिली, मग जुनी, मग पुन्हा नवी. चष्मा काढून पुसला.

"सहा आठवड्यांत इतकी साफ? मी कधी पाहिलं नाही असं." ते माझ्याकडे वळले. "पोतदार, पहिल्या फिल्ममध्ये काही गडबड नव्हती ना? तयारी नीट झाली होती ना त्या दिवशी?"

हा प्रश्न त्यांनी इतका सरळ विचारला होता, की उत्तरही सरळच द्यायला हवं होतं. चूक माझी होती, ती कबूल केली तर पोरीला त्याच दिवशी सर्टिफिकेट मिळालं असतं. दहा दिवस हातात होते. बस पकडून ती दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंच्या समोर उभी राहिली असती. मला हे सगळं त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. आणि मला सप्टेंबरही दिसत होता. मेमो दिसत होता. एका निरोगी मुलीला सहा आठवडे सुया टोचल्या गेल्या, हे बाहेर पडलं तर माझं काय होईल, तेही दिसत होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "तयारी नीट झाली होती."

"मग औषधं फारच छान लागू पडली म्हणायची," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता.

त्यांनी मायलेकींना आत बोलावलं. छाती स्वच्छ आहे, असं ऐकल्यावर आईनं डॉक्टरांना हात जोडले आणि मग मलाही. वैजयंताचे डोळे लकाकले.

"मग सर्टिफिकेट?"

"ते नाही देता यायचं," डॉक्टर म्हणाले. "रोग होता, तो आटोक्यात आलाय. औषध वर्षभर पुरं करायचं. मधेच सोडलं की उलटतो. निरोगी आहे असं मी आज कसं लिहून देऊ? वसतिगृहातल्या मुलींचा विचार करायला हवा ना. तूच नर्स होणार आहेस, तुला कळायला हवं."

तिला कळलं. हेच सगळ्यात वाईट होतं, की तिला ते पटलं. ती पुन्हा एकदा फिल्मकडे बघून मला म्हणाली, "पण साफ आहे ना सर? एकदम?"

"एकदम साफ," मी म्हणालो.

सप्टेंबरात कमिटी बसली आणि ऑक्टोबरात मला कायम केल्याचा कागद मिळाला. आमच्या घरी सत्यनारायण झाला. मी स्वतःला सांगितलं, की दिवाळी होऊ दे, मग डॉक्टरांना सगळं सांगून टाकू. दिवाळी झाली. मग म्हटलं, तिचा औषधाचा कोर्स संपू दे. कोर्सही संपला. मग माझं लग्न ठरलं. माणसाला टाळायचंच असेल तर पंचांग भरून कारणं सापडतात. त्या दोन फिल्म्स मात्र मी रेकॉर्डमधून काढून माझ्या कपाटात ठेवल्या होत्या. कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पाच वर्षं गेली. निगुडकर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले, आणि त्यांना निरोप दिला त्याच आठवड्यात मला धीर आला. धीर कसला, भीती संपली होती. रविवारी सकाळी मी एसटीनं वैजयंताच्या गावाला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही, भट्टीचा वास लांबूनच येत होता. आईनं मला ओळखलं. "आवो, फोटूवालं सायेब! पोरीचा जीव वाचवला तुमी!" असं म्हणत तिनं मला खाटेवर बसवलं, हातावर गरम चुरमुरे ठेवले आणि चहाला दूध आणायला शेजारी गेली. वैजयंता आतून आली. केस मानेपर्यंतच होते. चेहरा पाच वर्षांच्या मानानं जास्तच मोठा वाटला.

"बसा सर. आज इकडं कसं काय?"

मी एसटीत जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं काही आठवेना. म्हणून सरळच सांगितलं.

"वैजयंता, पहिल्या फिल्ममधली सावली रोगाची नव्हती. तुझ्या वेणीची होती."

ती उभी होती, ती खाली बसली. मी पिशवीतून दोन्ही फिल्म्स काढल्या आणि दाराच्या उजेडात धरल्या. फार समजावून सांगावं लागलं नाही. तिनं स्वतःच सावलीवर बोट ठेवलं, हाडावरून वर मानेपर्यंत नेलं आणि पेड मोजले.

"आड आली," ती म्हणाली. "म्हणजे मला कधीच काय नव्हतं."

"नव्हतं. केस वर बांधायला सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. चूक माझी."

"चूक हुती कुणाची बी," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं?"

वाटेत मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार केली होती, या एका प्रश्नाचं सोडून. खोटं बोलता आलं असतं. परवाच कपाट आवरताना दिसलं, असं सांगता आलं असतं. पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब येण्यात अर्थ नव्हता.

"दुसऱ्या एक्स-रेच्या दिवशी."

"एकवीस ऑगस्ट. शुक्रवार हुता." ती माझ्याकडे बघत नव्हती, फिल्मकडेच बघत होती. "मेट्रनबाईंची मुदत एकतीसची हुती."

"हो."

"दहा दिवस हुते, सर."

मी म्हणालो, "मी लेखी देतो. पाहिजे त्याला देतो. नवीन डॉक्टरांना सांगतो, शाळेला पत्र देतो."

"पुढची दोन वर्षं मी फॉर्म भरला हुता," ती म्हणाली. "त्यात रकाना असतो. यापूर्वी क्षयाचे उपचार झाले आहेत का. मी दोन्ही वेळा 'होय' लिहिलं. नर्स व्हायचं आन् खोटं कसं लिहायचं? आता वय गेलं माझं त्या फॉर्मातनं. दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं हुतं, त्यांनी पण तेच विचारलं. तिथं पण मी हो म्हणाले."

बाहेर आईचा आवाज आला. शेजारणीला ती मोठ्यानं सांगत होती, की दवाखान्यातलं सायेब मुद्दाम पोरीची चौकशी करायला आल्यात, असली मान्सं आता हाईत कुठं. वैजयंतानं झटकन दोन्ही फिल्म्स माझ्या पिशवीत घातल्या आणि पिशवीचं तोंड आवळलं.

"आईला यातलं काय सांगू नका."

"अगं पण तिला कळायला..."

"सर, तिनं माळ उतरवली ती अजून घातली नाही. म्हणती, अंडी उकडलेल्या हातानं कशी घालू. देवापुढं बसती तर लांब बसती. लेक वाचली, त्यापुढं काय बी नाही, असं म्हणून दिवस काढती. तिला काय सांगायचं? उगाच काढलीस म्हणून?" आता तिनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढलेला नव्हता. "गप्प बसा. तुम्हाला ते जमतंय."

आई दूध घेऊन आत आली. चहा झाला. मला कपबशीत दिला, स्वतः फुलपात्रात घेतला. मग कोनाड्यातून एक जर्मनचा पेला काढला. तो बाकीच्या भांड्यांपासून वेगळा, पालथा ठेवलेला होता. त्यात तिनं वरून, भांडं टेकू न देता चहा ओतला आणि पेला जमिनीवरून सरकवला. "डाक्टर म्हनलं हुतं वरीसभर येगळं ठेव," ती मला कौतुकानं म्हणाली. "म्या म्हनलं, कशाला परत आजाराला वाट द्यायची? आजून पाळतोय आमी. केस बी तवापास्नं वाढू दिलं न्हाईत."

मी चहा प्यालो. वैजयंतानं पेला उचलला, "व्हय आई, पाळायलाच पायजे," असं म्हणाली आणि रोजच्यासारखी आमच्यापासून लांब, दारापाशी जाऊन बसली.